एसटीच्या टपावरून आलेलं दार

बाई, आमच्या घरातलं न्हाणीघर सध्या फोडलंय आणि मला कुठंच बसवत नाही. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कोपर टेकून उभ्याउभ्याच हे लिहितेय. पलीकडं मिस्त्री छिन्नीनं जुन्या टाइल्स उकलतोय. प्रत्येक ठोक्याला मांडणीतली ताटं वाजतात, आणि भातावर कितीही घट्ट झाकण ठेवलं तरी दाताखाली कचकच येतेच. हे घर तुम्ही पाहिलेलं नाही. चिकलठाण्याच्या बाजूला कारखान्यात काम करणाऱ्यांनी मिळून प्लॉट घेतले होते, त्यातलं हे एक. खाली दोन खोल्या, वर एक. आमचे हे कारखान्यातून रिटायर झाले, मुलगा आणि सून नोकरी करतात, आणि मी तुमच्यासारखीच मास्तरकी करून आता पेन्शनवर आहे. मी मास्तरीण झाले हे तुमच्या कानावर गेलं होतं की नाही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

न्हाणीघर हौसेनं नाही फोडलं. पलीकडच्या खोलीतल्या भिंतीला ओल आली, कपाटामागं बुरशी चढली, साड्यांना वास यायला लागला. यांनी आणि मुलानं मिळून एक रक्कम ठरवली, त्यात कमोड, टाइल्स, नळ, सगळं बसवायचं. पण भिंत उघडली तर आतला पाइप पार कुजलेला निघाला, आणि ठरलेल्या पैशातला मोठा वाटा डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींत गेला. आता जे उरलंय त्यात ओढाताण चाललीय. मिस्त्रीनं काल कमरेवर हात ठेवून सांगितलं, "काकू, ये संडास-बाथरूम के बीच की दीवार निकाल देंगे. एकच रूम करेंगे. टाइल कम लगती, जगा भी होती. बादमें मत बोलना मेरे को." यांना ते लगेच पटलं. "अगं, आजकाल सगळे असंच करतात. एक दार वाचलं, एक भिंत वाचली." मी म्हणाले, बघू. 

आंघोळीला सध्या आम्ही शेजारच्यांकडं जातो. माणसं चांगली आहेत, "या काकू, तुमचंच घर आहे," म्हणतात. पण या वयात बादली, टॉवेल, टॉवेलखाली लपवलेले कपडे असं घेऊन गल्लीतून चालत जायचं. आपल्याकडं पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, तेव्हा दुसऱ्याच्या टाकीतलं पाणी अंगावर घेताना प्रत्येक तांब्याला अपराध्यासारखं वाटतं. आज सकाळी मी आत होते आणि शेजारीण दाराबाहेर उभी राहून फोनवर बोलत होती. सहज बोलत होती, माझ्यासाठी थांबलेली नव्हती. तरी माझे हात भराभर चालायला लागले. पाठीला लावलेला साबण नीट न धुताच मी लुगडं गुंडाळावं तशी साडी गुंडाळली आणि बाहेर आले. घरी येऊन आरशात बघते तर पदर ओला, पोलकं पाठीला चिकटलेलं. आणि बाई, आरशात मला माझी माय दिसली. मागोमाग तुम्ही आठवलात, आणि तेव्हापासून मी घरात नुसती फिरतेय. झाडलेली जागा परत झाडतेय.

तुम्ही देवगावला आलात तेव्हा मी चौथीत होते. पोलीस ॲक्शन होऊन बरीच वर्षं लोटली होती, पण माझ्या वडलांच्या, दादांच्या, बोलण्यातली निजामाच्या काळातली उर्दू शाळा गेली नव्हती. तक्रारीला ते 'तकरार' म्हणायचे आणि प्रत्येक गोष्टीचा 'इंतजाम' करायचे. आमचं माळवदाचं घर, मागं गोठा, पुढं रस्त्याला लागून दोन मोकळ्या खोल्या. शाळा जवळ आणि तुमचा पगार सरकारी, म्हणून दादांनी त्या तुम्हाला भाड्यानं दिल्या. एकट्या बाईला खोली दिली म्हणून गाव चार दिवस बोललं. तुमचा नवरा मेलाय, तुम्हाला टाकलंय, नवराच नव्हता, अशा सगळ्या कथा गावात फिरत होत्या. तुम्ही एकीलाही हो म्हणाला नाहीत की नाही म्हणाला नाहीत. अंगणात खुर्ची टाकून वह्या तपासत बसायचात.

आमच्याकडं न्हाणी नव्हती. मागच्या अंगणात एक दगड होता, एका बाजूला गोठ्याची भिंत आणि बाकी तुराट्यांचा आडोसा. पुरुष विहिरीवर आंघोळ करायचे. माय उजाडायच्या आत त्या दगडावर बसायची, अंगावरच्या लुगड्यासकट. चार तांबे भराभर ओतायची आणि ओल्यावरच कोरडं गुंडाळून उभी राहायची. आडोशापलीकडं कुणी खाकरलं की हातातला तांब्या तसाच थांबायचा. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. बाया अशाच आंघोळ करतात, एवढंच मला ठाऊक होतं.

तुम्ही येऊन पंधरवडाही झाला नसेल. दादा ओसरीवर पान लावत बसले होते आणि तुम्ही समोर उभ्या राहून म्हणालात, "मला मागं न्हाणी बांधायचीय. माझ्या खर्चानं."

दादांचा हात थांबला. "भाड्याच्या घरात कुणी बांधकाम करतं का बाई? उद्या तुमची बदली झाली तर न्हाणी काय गाडीत घालून नेणार?"

"नाही. ठेवून जाईन."

"मंग घर माझं, जागा माझी, न्हाणी बी माझीच झाली की."

"व्हय," तुम्ही म्हणालात. तुमच्या तोंडून 'व्हय' ऐकून दादा हसले. त्या हसण्यातच परवानगी मिळाली.

तुमच्याकडं तरी कुठं पैसा होता? पगारातले अर्धे तुम्ही शहरात आईला पाठवायचात. म्हणून ती न्हाणी उभी राहिली ती मागून-मिळवून. पडलेल्या गोठ्याचे दगड दादांनी दिले. गावातला गवंडी सुट्टीच्या दिवशी यायचा. माती मायनं मळली, पायानं, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, आणि तुम्ही तिच्याबरोबर मळायला उतरलात तेव्हा ती इतकी लाजली की पदरात तोंड घालून हसत बसली. छपराला वाण्याकडचे तेलाचे रिकामे डबे. ते कापून, ठोकून सपाट केले आणि एकावर एक खिळले. खाली शहाबादी फरशीचे तुकडे, शहरातल्या एका वखारीतून स्वस्तात आणलेले, एकही दुसऱ्यासारखा नाही. फक्त दार राहिलं होतं. मायनं सुचवलं, गोणपाट लावू. तुम्ही मान हलवलीत.

पुढच्या शनिवारी तुम्ही अर्ध्या शाळेनंतर औरंगाबादला गेलात आणि रविवारी दुपारच्या एसटीनं आलात. आम्ही पोरं स्टँडवर खेळत होतो. एसटी धुरळा उडवत आली आणि तिच्या टपावर, भाजीच्या पाट्या आणि सायकलींच्या मधोमध, एक दार आडवं बांधलेलं होतं. कुठल्यातरी पाडलेल्या घराचं, हिरव्या रंगाचं, पोपडे निघालेलं. कंडक्टर खाली उतरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाई, माणसाचं तिकीट काढलं, दाराचं कोण काढणार?" आणि तुम्ही पदरानं तोंड पुसत म्हणालात, "दार बसलं कुठं? झोपून आलंय." सगळा स्टँड हसला. दोन गड्यांनी ते डोक्यावर घेतलं आणि आम्ही पोरं मागं मागं, मिरवणूक निघावी तसे. मला अजून ती वाट दिसते. माय उंबऱ्यात उभी आहे. दार वळणावर येतं, आणि माय दाराकडं बघत नाही, तुमच्याकडं बघते.

दाराला बाहेरून कडी नव्हतीच. तुम्ही आतूनच बसवून घेतली. आणि पहिली आंघोळ तुम्ही केली नाहीत. मायला पुढं केलंत. ती नको नको म्हणत होती, "लई काम पडलंय, तुमीच करा," आणि तुम्ही तिच्या हातात गरम पाण्याची बादली दिलीत आणि निघून गेलात. कडी लागल्याचा आवाज आला. मग पाण्याचा. मग काहीच नाही. भाकरी व्हायची होती, मला भूक लागली होती, आणि माय बाहेर येईना. असं कधी झालंच नव्हतं. मी जाऊन दारावर थापा मारायला लागले. तुम्ही मागून येऊन माझं मनगट धरलंत. तुमची पकड मला लागली होती, बाई.

"दार वाजवायचं नाही. आत माणूस आहे."

"माणूस नाय," मी रडत म्हणाले, "माय हाय आत."

तुम्ही माझं मनगट सोडलंत. मला वाटलं आता थप्पड बसणार. तुम्ही तिथंच धुण्याच्या दगडावर बसलात, मला शेजारी बसवलंत, आणि आपण दोघी दाराकडं बघत राहिलो. पुढं वर्गात मी शेकडो पोरींना काय काय समजावून सांगितलं, पण त्या दिवशी तुम्ही मला काही समजावलं नाहीत. मी जे बोलले होते ते माझ्याच कानात वाजत राहिलं, तेवढं पुरलं. माय बाहेर आली तेव्हा तिचे केस धुतलेले, मोकळे होते. ते किती लांब आहेत हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर घरातलं काहीतरी हललं. माय तुमच्या अंगणात जाऊन बसायला लागली, निवडायला सूप घेऊन. तुम्ही वह्या तपासायचात आणि ती गहू निवडायची, आणि मधेच तुम्ही दोघी कशावरून तरी हसायचात. मी जवळ गेले की हसू थांबायचं. दादांना हे दिसत होतं. तकरार त्यांनी कधी केली नाही, इंतजाम केला. पेरणीच्या आधी खताची पोती आली, तेव्हा ते गड्याला म्हणाले, "न्हाणीत लाव. कोरडी जागा हाय, दार हाय." तुम्ही शाळेतून आलात तर न्हाणी छतापर्यंत भरलेली. दादा शांतपणे म्हणाले, "चार महिने फक्त. घर माझं हाय, तुमीच म्हणला होता."  तुमच्याच तोंडचा 'व्हय' होता तो. तुम्ही खोलीत गेलात. माय चुलीपुढं बसली होती. तिनं जाळ सारखा केला. बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दादा शेतावर गेले आणि मायनं पदर खोचला. बाई, ते पोतं दोन गडी मिळून उचलायचे. तिनं एकेक पोतं कानाला धरून ओढलं, अंगणातून, उंबऱ्यावरून, थेट ओसरीवर, जिथं दादांची बैठक असायची तिथं. मी म्हणाले, "माय, दादा मारतील." ती म्हणाली, "सरक बाजूला." तुम्ही धावत आलात, दुसरं टोक धरायला गेलात, तर तुम्हालाही तिनं हातानं मागं सारलं. सगळी पोती ओसरीवर आली. मग तिनं न्हाणी झाडली, पाणी तापवलं, आणि भर दुपारी आत जाऊन कडी लावली.

दादा आले ते दोन पाहुण्यांना घेऊन. ओसरीवर बसायला जागा नाही. त्यांनी मला विचारलं, "पोती कुणी काढली?"  तुम्ही तुमच्या दारातून म्हणालात, "मी."

तेवढ्यात मागची कडी वाजली. माय केस पुसत पुसत ओसरीच्या दारात आली. परक्या पुरुषांसमोर तिला डोक्यावर पदर नसलेली मी कधी पाहिली नव्हती. तिनं तो घेतला, सावकाश, आणि म्हणाली, "बाई खोटं बोलतात. म्या काढली."

दादांनी पाहुण्यांकडं बघितलं. पाहुणे जोडे शोधायला लागले. दादा एवढंच म्हणाले, "भिजंल ना खत." आणि स्वतः जाऊन ताडपत्री आणली. त्यांनी मायला मारलं नाही, कधीच मारत नव्हते. न्हाणीत पुन्हा पोतं गेलं नाही. पण आठवडाभरानं ते तुमच्या अंगणात येऊन अदबीनं म्हणाले, "बाई, आमचे पाहुणे यायचे हायेत राह्यला. खोल्या लागतील." सगळ्यांना ठाऊक होतं की कुणी येणार नाही. तुम्ही फुलंब्रीला बदली मागून घेतलीत.

तुम्ही गेलात तो दिवस मी किती वेळा मनात फिरवला असेल. गाडीवर तुमची ट्रंक चढलेली, गल्लीतल्या बाया पदर डोळ्याला लावून उभ्या, आणि माय कुठंच नाही. ती न्हाणीत होती. सकाळीच आंघोळ झालेली होती तिची, तरी आत होती. पाण्याचा आवाज नव्हता. बाया म्हणायला लागल्या, हाक मारा, एसटी चुकंल. तुम्ही मागं आलात, हिरव्या दारापुढं उभ्या राहिलात. मला वाटलं आता वाजवाल. तुम्ही वाजवलं नाहीत. "येते हं," एवढंच म्हणालात, नेहमी शाळेत जाताना म्हणायचात तसं.  थोडं थांबून तुम्ही गेलात.

नंतरचं तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. दादांनी हातीपायी धड असेपर्यंत त्या न्हाणीत पाय ठेवला नाही. म्हातारपणी त्यांची एक बाजू गेली, तेव्हा माय त्यांना धरून आत न्यायची, कडी लावायची आणि आंघोळ घालायची. आत काय बोलायचे कुणास ठाऊक. एकदा मी माहेरी गेले होते तेव्हा आतून दादांचं हसणं ऐकू आलं, लहान पोराला गुदगुल्या केल्यासारखं. मी अंगणात तशीच उभी राहिले. पुढं दादा गेले, मग माय गेली. तुम्ही तर त्यांच्याही आधी. फुलंब्रीहून अपडाऊन करणाऱ्या एका मास्तरांनी मला ते सांगितलं, तेव्हा तुम्हाला जाऊन वर्ष उलटलं होतं.

आज दुपारी मिस्त्रीनं घण उचलला आणि विचारलं, "तो फिर तोडूँ दीवार?" हे म्हणाले, "तोड." मी गॅसपाशी होते. सून तेवढ्यात डबा विसरला म्हणून परत आली होती, खांद्याला पर्स तशीच. ती जिन्याशी थांबून म्हणाली, "बाबा, भिंत राहू द्या ना."

"अगं, जागा होते. पैसे वाचतात."

"वाचू दे," ती म्हणाली, आणि मग खालच्या आवाजात, माझ्याकडं बघून, "आई, कुणी संडासला आलं की दुसऱ्यानं बाहेर पडायचं का मग? मी तिथं जरा वेळ बसते. घरात मला तेवढीच जागा आहे."

हे गोंधळले. या घरात तिला कशाची कमी आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मला तिच्याकडं बघवेना. मी ओले हात पुसले आणि मिस्त्रीला म्हणाले, "दीवार रहेगी. टाइल कमर तक लगाओ. ऊपर रंग मारेंगे." हे म्हणाले, "अर्धवट दिसंल." मी म्हणाले, "दिसू द्या." बेसिन जुनंच परत बसेल, आरसाही जुनाच. हे जेवले, मग चप्पल घालून सिमेंट आणायला गेले. सून डबा घेऊन गेली. जाताना तिनं माझ्या दंडाला हात लावला, उगाच, काही घ्यायला वाकल्यासारखं करून.

भिंत राहिली. मग मला निवांत वाटायला हवं होतं, बाई. पण नाही वाटत. दुपारपासून मी दोनदा चहा टाकला आणि दोन्ही वेळा उकळून सांडला. हा कागद कुठं पाठवायचा नाही, कुणी वाचायचं नाही, हे पहिल्या ओळीपासून ठाऊक होतं, म्हणून आता शेवटचंही लिहून टाकते. तुमची एसटी सुटली तेव्हा मला रडू आलं नव्हतं. मला हलकं वाटलं होतं. वाटलं, आता माय माझ्यासोबत हसेल. मी सूप घेऊन तिच्याजवळ बसायचे, शाळेतल्या गमती सांगायचे, तुमच्यासारखी मान तिरकी करून. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवायची आणि "व्हय का," म्हणायची. लई माया करायची. पण तसं हसली नाही कधी. तुमच्याशी जे हसली ते काय होतं, ते ती माझ्याजवळ बोलली नाही, आणि तुम्हीही सांगितलं नाहीत. एवढी वर्षं लोकांना सांगत आले की तुमच्यामुळं मी मास्तरीण झाले, आणि ते खरंच आहे. पण बाई, तुमच्यावर अजून थोडा राग आहे माझा.